ओलेड टीव्हीवरील काळोखी दृश्ये कशी पारखावीत

देवगड तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलाने गणपतीला मुंबईहून येताना ५५ इंची ओलेड टीव्ही आणला. दिवसाउजेडीची दृश्ये, क्रिकेटचे सामने, बातम्या हे सगळे उत्तम दिसते, पण पडद्यावर रात्र झाली की तीन तक्रारी सुरू होतात. अंधारात उभ्या असलेल्या माणसाचे केस आणि कपडे एकाच काळ्या डागात मिसळून जातात, आकाशात किंवा धुक्यात हलणारे चौकोन दिसतात, आणि कॅमेरा संथपणे बाजूला सरकला की पडद्यावर उभे फिकट पट्टे जाणवतात. शेजारी राहणाऱ्या चुलतभावाच्या साध्या एलईडी टीव्हीवर तेच दृश्य जास्त स्पष्ट दिसते. दुकानदाराच्या मते पॅनेल ठीक आहे आणि पाहायला आलेला तंत्रज्ञ ‘ओलेड असाच असतो’ एवढे सांगून गेला. टीव्ही बदलून मागावा की ठेवावा, हे कशावरून ठरवावे?

मी गेली २२ वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत टीव्ही बसवण्याचे व दुरुस्तीचे काम करतो, आणि अलीकडच्या काही वर्षांत मीटर लावून चित्राचा उजेड व रंग जुळवून देण्याचेही करतो. तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, परंतु तिन्हींचे मूळ एका ठिकाणी नाही. पहिली बहुधा सेटिंगमुळे आणि खोलीतल्या उजेडामुळे आहे, दुसरी जवळजवळ नक्कीच येणाऱ्या प्रक्षेपणामुळे आहे, आणि फक्त तिसरी पॅनेलची आहे. तीही बरी होण्याजोगी असू शकते. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहून निर्णय घेतला तर चांगला टीव्ही परत जातो आणि त्याच्या जागी येणाऱ्या दुसऱ्या टीव्हीवर त्याच तक्रारी पुन्हा उभ्या राहतात. असे होताना मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ओलेड पडद्याच्या मागे उजेड देणारा वेगळा दिवा नसतो. ४के पडद्यावरील सुमारे ८३ लाख पिक्सेलांपैकी, म्हणजे चित्राच्या सूक्ष्म ठिपक्यांपैकी, प्रत्येक जण स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण विझतो. त्यामुळे संपूर्ण काळा दाखवणे हे या तंत्राला सर्वांत सोपे काम आहे. दुकानात लावलेल्या प्रात्यक्षिकात काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत फुले आणि रत्ने फिरताना दिसतात ती याच कारणासाठी. तेथे पिक्सेल एक तर विझलेला असतो किंवा चांगलाच पेटलेला असतो. अवघड काम त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीत आहे. विझलेला पिक्सेल जेमतेम पेटवायचा असतो तेव्हा त्याला द्यावा लागणारा विद्युतप्रवाह अतिशय सूक्ष्म असतो, आणि प्रत्येक पिक्सेलमागचा छोटा ट्रान्झिस्टर नेमक्या किती व्होल्टला सुरू होतो यात किंचित फरक असतो. भरपूर उजेडात तो फरक कोणालाही कळत नाही. काळ्याच्या अगदी शेजारी मात्र तोच फरक मूळ उजेडाच्या तुलनेत मोठा ठरतो. ओलेड टीव्हीची पारख करायची ती याच पट्टीत, आणि दुकानाच्या झगझगाटात ही पट्टी कधीच दिसत नाही.

ही पट्टी किती मंद असते याचा अंदाज आकड्यांनी चांगला येतो. पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. साधे, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणारे चित्र) नसलेले चित्र स्टुडिओत पांढरा १०० निट धरून तयार होते, आणि २०११ साली ठरलेल्या बीटी १८८६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पूर्ण काळा दाखवू शकणाऱ्या पडद्याचा गॅमा, म्हणजे संकेत वाढेल तसा उजेड कसा वाढतो ते ठरवणारा आकडा, २.४ असतो. त्या हिशेबाने पूर्ण पांढऱ्याच्या १० टक्के संकेताला पडदा ०.४ निट उजेड देतो आणि ५ टक्के संकेताला फक्त ०.०७५ निट. अंधारातल्या माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या, केसांच्या बटा, मागच्या भिंतीचा पोत हे सगळे साधारण या दोन आकड्यांच्या आसपास राहते.

आता याच्या शेजारी तुमची खोली ठेवून पाहा. आपल्याकडच्या माजघरात एक ट्यूबलाइट चालू असताना पडद्यावर सहज १०० लक्सच्या घरात उजेड पडतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप). पडद्याने त्यातला फक्त १ टक्का विखरून परत पाठवला असे धरले तरी सुमारे ०.३ निटचा थर सगळ्या चित्रावर पसरतो. म्हणजे ५ टक्क्यांच्या तपशिलापेक्षा चौपट उजेड खोलीचाच झाला. अशा वेळी सदऱ्याच्या चुण्या दिसल्या नाहीत तर त्याचा दोष पॅनेलला देता येत नाही. कोकणातल्या घरात याची आणखी काही कारणे असतात. पडवीतला दिवा दारातून थेट समोरच्या भिंतीवर येतो, देवघरातल्या समईची ज्योत किंवा तांबडा बल्ब पडद्यात दिसत राहतो, आणि रात्रभर चालू ठेवलेला झिरोचा बल्ब डोळ्यांना सवयीचा झाल्यामुळे लक्षातही येत नाही. म्हणून परीक्षा घ्यायची ती रात्री जेवणे आटोपल्यावर, दारे लावून आणि हे सगळे दिवे मालवून घ्यावी. समई आड करता येत नसेल तर टीव्हीची जागा तरी तिच्या समोरची नसावी.

दिवे मालवल्यावर लगेच निकाल देऊ नये. डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि मध्येच मोबाइल पाहिला की ती सवय बरीचशी मोडते. हे आपल्याला नवे नाही. शिमग्यात नमन-खेळे, म्हणजे कोकणातले रात्रीचे लोकनाट्य, पाहायला गेल्यावर पहिल्या काही क्षणांत त्यातल्या संकासुर या सोंगाची पांढरी दाढी तेवढी दिसते. थोड्या वेळाने त्याच्या काळ्या अंगरख्याच्या घड्या, उंच टोपीची कड आणि मागच्या माडाचा बुंधा हे सगळे वेगवेगळे उमटू लागते. उजेड वाढलेला नसतो, डोळा जुळलेला असतो. चित्रपटाची रंगजुळवणी करणारा माणूसही अशाच मंद खोलीत बसून अंधाराच्या छटा ठरवतो, तेव्हा निदान १५ मिनिटे तरी काळोखात बसून मगच त्याच्या कामाबद्दल मत बनवणे न्यायाचे आहे. दुसरी एक गोष्ट डोळ्याच्या स्वभावातली आहे: उजेड फार कमी झाला की तांबडे रंग लवकर काळवंडतात आणि निळे-हिरवे जास्त वेळ टिकतात. तिन्हीसांजेला जांभ्याची भिंत काळी पडते आणि तिच्यापुढचे केळीचे पान अजून दिसत असते ते यामुळेच. काळोख्या दृश्यात लाल लुगडे काळे वाटले म्हणून लगेच टीव्हीचा रंग वाढवणे ही चूक आहे.

चुलतभावाच्या टीव्हीवर जास्त दिसते याचे कारण आता सांगता येईल. एलसीडी पडद्यामागे, म्हणजे ज्याला आपण बाजारात एलईडी म्हणतो त्याच्या मागे, दिवा सतत पेटलेला असतो आणि थोडा उजेड गळतच राहतो. आयपीएस जातीच्या पॅनेलचे पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण साधारण १००० ला १ असते. म्हणजे पांढरा १०० निट असताना त्याचा काळा ०.१ निट होतो, जो ओलेडच्या ५ टक्के करड्यापेक्षाही उजळ आहे. व्हीए जातीच्या पॅनेलवर हे प्रमाण ३००० ते ५००० ला १ पर्यंत जाते, पण तोही पूर्ण विझत नाही. या धुरकट थराखाली चित्रातले चौकोन झाकले जातात. शिवाय असे टीव्ही बहुतेक घरांत कारखान्यातून आलेल्या भडक मोडवरच चालू असतात आणि तो मोड अंधार मुद्दाम उचलून दाखवतो. त्यामुळे त्या घरी तुम्हाला दिसले ते खरेच दिसले. पण दिग्दर्शकाने ठेवलेला काळोख तेथे करडा झाला होता. ते चित्र तुम्हाला अधिक आवडले तर त्यात काही गैर नाही, आणि तसे आपल्या टीव्हीवरही करून घेता येते. फक्त त्यावरून पॅनेल सदोष आहे असा निष्कर्ष निघत नाही.

पहिल्या तक्रारीकडे, म्हणजे काळ्यात बुडणाऱ्या तपशिलाकडे येतो. सर्वप्रथम वीज वाचवण्याची सेटिंग आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर बंद करावा, कारण नव्या टीव्हीवर ते बहुधा चालू असतात. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवावा. फिल्ममेकर मोड २०१९ साली जाहीर झाला तोच मुळी चित्राला टीव्हीने परस्पर सजवू नये म्हणून. ‘डायनॅमिक काँट्रास्ट’ नावाची सोय बंद करावी, कारण ती काळ्याच्या शेजारच्या छटा खाली ढकलते. यानंतर बघायची ती काळ्याची पातळी. येथे शब्दांमुळे मोठा गोंधळ होतो: काही कंपन्यांच्या मेनूत ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्याची पातळी असते आणि काहींच्या मेनूत तोच शब्द संपूर्ण पडद्याच्या उजेडासाठी असतो, तर काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘शॅडो डिटेल’ असे वेगळे नाव असते. बदल करण्याआधी मूळ आकडा कागदावर लिहून ठेवावा.

ही पातळी नुसत्या नजरेने एखाद्या चित्रपटावर जुळवू नये, कारण त्या दृश्यात मुळात किती तपशील आहे हे आपल्याला माहीत नसते. ‘एव्हीएस एचडी ७०९’ नावाचा चाचणी-चित्रांचा संच मोफत मिळतो; तो पेन ड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावावा. आठ बिटांच्या व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. काळ्याच्या चाचणीत १६ च्या पुढच्या क्रमांकांच्या पट्ट्या लुकलुकतात. पूर्ण काळोखात, डोळा जुळल्यावर, १६ दिसता कामा नये आणि १७ किंवा १८ अगदी जेमतेम जाणवली पाहिजे. ओलेडवर १७ न दिसता १८ किंवा १९ पासून दिसू लागले तरी मी ते समाधानकारक मानतो. पहिली दिसणारी पट्टी २२-२३ असेल तर मात्र काळ्याची पातळी खाली आहे आणि तुमचा तपशील तेथेच बुडतो आहे. पातळी एकेक आकड्याने वाढवावी. ती जास्त झाल्याची खूण सोपी आहे: रुंद चित्रपटाच्या वरखाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या टीव्हीच्या चौकटीपासून वेगळ्या दिसू लागतात. त्या दिसल्या म्हणजे जे पिक्सेल विझलेले असायला हवेत ते पेटले आहेत आणि ओलेड घेण्याचा हेतूच हरवतो आहे. तेव्हा एक पायरी खाली यावे.

पेन ड्राइव्हवरून सगळे ठीक दिसले आणि सेट टॉप बॉक्सवरून मात्र बुडाले, तर दोष जोडणीतल्या पातळ्यांचा आहे. एखादे यंत्र ० ते २५५ या पूर्ण पट्टीत संकेत पाठवत असेल आणि टीव्ही १६ ते २३५ समजून बसला असेल, तर १६ च्या खालचे सगळे काळ्यात जाते. उलट झाले तर काळा राखाडी होतो. बॉक्स आणि टीव्ही या दोन्हींच्या मेनूत ही सेटिंग ‘मर्यादित’ किंवा ‘ऑटो’ अशी एकसारखी करावी. मी पाहिलेल्या काळ्या बुडण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी एवढ्यावरच मिटल्या आहेत, आणि त्यातल्या काही घरांत त्यापूर्वी पॅनेल बदलण्याची भाषा झालेली होती.

इतके करूनही खोलीत थोडा उजेड ठेवूनच पाहायचे असेल तर गॅमा २.४ वरून २.२ करावा. त्याने ५ टक्के संकेताचा उजेड ०.०७५ वरून सुमारे ०.१४ निट, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो आणि काळा मात्र काळाच राहतो. काळ्याची पातळी वाढवण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. एचडीआर चित्राला हा उपाय तसाच लागू पडत नाही. तेथे प्रत्येक संकेताला नेमके किती निट द्यायचे हे पीक्यू या एचडीआरच्या मानक पद्धतीत ठरलेले असते आणि ते पडद्यामागची भिंत फक्त ५ निट उजळ असलेल्या खोलीसाठी असते. उजेड असलेल्या घरात एचडीआरची रात्र म्हणूनच अधिक काळी वाटते. अशा वेळी डॉल्बी व्हिजनचा (हा एचडीआरचाच एक प्रकार) अधिक उजळ मोड किंवा खोलीचा उजेड मोजून छटा उचलणारी आवृत्ती वापरावी. साधे चित्र, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन यांच्या सेटिंग वेगवेगळ्या साठवल्या जातात. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे लागू झाला असे गृहीत धरू नये.

दुसरी तक्रार चौकोनांची. स्ट्रीमिंग सेवा ४के चित्रासाठी साधारण १५ ते २५ मेगाबिट इतक्या गतीची अपेक्षा ठेवतात, तर ४के ब्लू-रे डिस्कवरून १०० मेगाबिटच्याही वर माहिती येऊ शकते. जागा वाचवताना संकोचन करणारी प्रणाली सर्वांत आधी अंधारातली माहिती कमी करते, कारण सामान्य पडद्यावर ती दिसणार नाही असा तिचा हिशेब असतो. धुके, पाण्याखालचे दृश्य, मशालीभोवतीचा विरत जाणारा उजेड या ठिकाणी मग सलग उतारावर पायऱ्या आणि चौकोन पडतात. तुमच्याकडे पावसात इंटरनेटची गती उतरत असेल तर सेवा स्वतःहून दर्जा आणखी खाली आणते आणि चौकोन वाढतात. ही तक्रार पॅनेलची नाही हे सिद्ध करण्याची एक सोपी पद्धत आहे. कॅमेरा सरकत असताना डोळा एका डागावर ठेवावा: डाग चित्राबरोबर सरकला, बदलला, नाहीसा झाला तर तो प्रक्षेपणातला आहे, चित्र त्याच्याखालून निघून गेले आणि डाग पडद्याच्या त्याच जागी राहिला तर तो पॅनेलचा आहे. टीव्हीतली ‘स्मूथ ग्रेडेशन’ ही सोय कमी पायरीवर ठेवली तर चौकोन थोडे सौम्य होतात. ती वरच्या पायरीवर ठेवू नये, कारण तिच्यामुळे चेहऱ्यावरचा बारीक पोतही पुसला जातो.

आता उभे पट्टे. याचा उगम वर सांगितलेल्या ट्रान्झिस्टरांच्या फरकात आहे, आणि टीव्हीत तो फरक मोजून भरून काढण्याची व्यवस्था असते. पांढऱ्या ओलेड पॅनेलच्या (ज्यांत पांढरा उजेड रंगीत गाळण्यांतून जातो) टीव्हींत एकूण ४ तासांहून अधिक वापर झाल्यावर, टीव्ही रिमोटने बंद केला की काही मिनिटांचे एक छोटे दुरुस्ती-चक्र आपोआप चालते. पडदा काळा असतो, आतून कधी एखादा हलका टक्क असा आवाज येतो, एवढीच त्याची खूण. हे चक्र चालण्यासाठी टीव्हीला वीज चालू असावी लागते, आणि नेमके येथेच आपल्याकडच्या सवयीमुळे घोटाळा होतो. वळवाचा पाऊस, परतीच्या पावसातल्या विजा, रात्री-अपरात्री जाणारी-येणारी वीज यांमुळे कोकणात लहानपणापासून शिकवण आहे की टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचा खटका बंद करायचा. जुन्या टीव्हीला त्याने काही बिघडत नव्हते. ओलेडला मात्र दुरुस्तीची वेळच मिळत नाही.

गुहागर तालुक्यातल्या एका घरी याच तक्रारीवरून पॅनेल बदलले गेले होते. सात महिन्यांनी नव्या पॅनेलवर पट्टे आले तेव्हा मला बोलावले. ५ टक्के संकेताच्या सलग करड्या पडद्यावर पट्टे स्पष्ट होते. गप्पा मारता मारता आजोबा उठले आणि टीव्ही खटक्यावरून बंद करून आले. टीव्ही पहिल्यापासून रोज रात्री तसाच बंद होत होता. मी फक्त एवढेच सांगितले की रिमोटने बंद करा, २० मिनिटे खटका चालू ठेवा आणि मग हवा तर बंद करा. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा तेच करडे चित्र लावले. पट्टे पूर्ण गेले नव्हते, पण चित्रपटात ते शोधूनही सापडेनात. आदल्या वेळी बदललेले पहिले पॅनेल खरोखर सदोष होते का, हा प्रश्न मला आजही सतावतो; महागडी वस्तू, एका माणसाच्या दोन खेपा आणि घरच्यांचा मनस्ताप हे सगळे एका वाक्याच्या सूचनेने टळले असते.

तेव्हा तुम्ही पुढचे तीन-चार आठवडे हेच करा. वीज कडाडत असेल तेव्हा अर्थातच प्लग, डिशची केबल आणि इंटरनेटची तार हे सगळे काढून ठेवावे. चक्र दुसऱ्या दिवशी चालेल. मेनूत हाताने चालवायचे एक मोठे दुरुस्ती-चक्रही असते आणि त्याला सुमारे एक तास लागतो. बऱ्याच टीव्हींत ते २००० तासांच्या सुमारास आपोआप होते. पट्टे दिसले की ते रोज चालवणारे लोक मला भेटले आहेत. तसे करू नये, कारण त्याचा पॅनेलच्या आयुष्यावर भार पडतो. छोटी चक्रे नियमित होऊ दिल्यावरही पट्टे राहिले तर ते एकदा चालवावे, तेही टीव्ही थंड असताना.

पट्टे तपासताना लोक आणखी एक चूक करतात. ५ टक्के करडा पडदा लावून त्याचा मोबाइलने फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर दुकानदाराला पाठवतात. मोबाइल अंधारात स्वतःहून उजेड कित्येक पट वाढवतो, त्यामुळे जगातल्या उत्तमातल्या उत्तम ओलेडचा फोटोही पट्टेरी येतो. डोळ्याने, नेहमीच्या बसण्याच्या अंतरावरून आणि चालत्या चित्रात पाहावे. करडा पडदा हा फक्त कोठे पाहायचे ते सांगतो. त्यावर पट्टा आहे की नाही यावरून मी कधीही पॅनेल नाकारत नाही, कारण अजिबात पट्टा नसलेले पांढरे ओलेड पॅनेल मी अजून पाहिलेले नाही. २०२२ पासून बाजारात आलेली क्यूडी-ओलेड पॅनेल (ज्यांत निळ्या उजेडापासून सूक्ष्म कणांनी लाल व हिरवा रंग तयार होतो) या बाबतीत मला अधिक एकसारखी वाटली. मात्र त्यांत बाहेरच्या उजेडाचे परावर्तन रोखणारा ध्रुवीकरणाचा थर नसतो, म्हणून पडवीतून उजेड येणाऱ्या खोलीत त्यांचा काळा किंचित जांभळट-करडा दिसतो. रात्रीच पाहणाऱ्यांसाठी ती उत्तम, दिवसभर दार उघडे ठेवणाऱ्या घरासाठी मी पांढरे ओलेडच सुचवतो.

आणखी दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, परंतु त्या तुम्हाला पुढे भेटतील. लांबलचक काळोखे दृश्य चालू असताना चित्र हळूहळू आणखी मंद होते आणि रिमोटचे बटण दाबून मेनू आला की एकदम पूर्ववत होते. ही पडदा जपण्यासाठी ठेवलेली स्वयंचलित व्यवस्था आहे, बिघाड नाही. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. किनाऱ्यावरच्या घरात खारे वारे आणि स्वयंपाकघरातली तेलकट वाफ यांचा एक पातळ थर पडद्यावर बसतो. दिवसा तो दिसत नाही, पण काळोख्या दृश्यात प्रत्येक दिव्याभोवती दुधी वलय उभे करतो आणि ओलेडवर वलय कसे आले म्हणून माणूस गोंधळतो. महिन्यातून एकदा बंद व थंड पडदा मऊ मायक्रोफायबर कापडाने, लागलेच तर स्वच्छ पाण्याने जेमतेम ओलसर करून पुसावा. काचेचा फवारा किंवा स्पिरिट वापरू नये. पावसाळ्यात टीव्ही कपाटात कोंडून ठेवू नये, मागे हवा खेळती असावी. ओलेडमधले सेंद्रिय थर दमट हवेने आणि प्राणवायूने नष्ट होतात, म्हणून ते कारखान्यातच मोहोरबंद केलेले असतात. कडेला काळा ठिपका दिसून तो आठवड्यागणिक वाढत असेल, आणि उजळ चित्रातही दिसत असेल, तर ती मोहोर तुटली आहे. तेथे कोणतेही चक्र उपयोगी पडत नाही.

आता निर्णयाचे बोलू. टीव्ही बदलून मागण्याची मुदत दुकानदाराकडून लेखी विचारून घ्या आणि तक्रार आजच लेखी नोंदवून ठेवा, म्हणजे तीन-चार आठवडे थांबल्याने तुमचा हक्क जाणार नाही. दरम्यान रात्री दोन-तीन वेगवेगळ्या स्रोतांवरून तीच दोन-तीन दृश्ये पाहा: एक धुक्याचे, एक संथ सरकणाऱ्या रात्रीच्या आकाशाचे, एक चेहऱ्यावर एकाच बाजूने उजेड असलेले. प्रत्येक स्रोतावर, पडद्याच्या त्याच जागी, बसायच्या अंतरावरून, चालत्या चित्रात पट्टा दिसला आणि सव्वाशे-दीडशे तासांच्या वापरानंतर व नियमित चक्रांनंतरही कमी झाला नाही, तर पॅनेल बदलून मागा आणि तंत्रज्ञाला दिवसा येऊ देऊ नका. रात्री आठनंतर बोलवा, दिवे मालवा, त्यालाही १५ मिनिटे काळोखात बसवा आणि मग ते दृश्य लावा. पट्टा कमी होत असेल तर टीव्ही ठेवा. काळे बुडणे आणि चौकोन यांच्यासाठी मात्र टीव्ही बदलू नका. काळ्याच्या चाचणीत पहिली कोणती पट्टी दिसली तो क्रमांक आणि टीव्हीचे मॉडेल मला कळवा, म्हणजे नेमकी कोणती सेटिंग किती हलवायची ते सांगता येईल.